बोलका वर्ग

शाळेत निळ्या पुठ्ठ्याची एक लांबट वही होती. वरती 'पाठ निरीक्षण' अशी चिठ्ठी डकवलेली. पर्यवेक्षकांनी वर्षातून दोनदा प्रत्येक शिक्षकाच्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसावं, अख्खा तास पाहावा आणि या वहीत शेरा लिहावा असा नियम होता. नियम चांगला होता. तो कुणी पाळत नव्हतं, एवढंच.

खरी रीत वेगळी होती. मार्चच्या पहिल्या आठवड्यात, परीक्षेची धांदल सुरू व्हायच्या आधी, एखाद्या दुपारी पर्यवेक्षक ती वही काखेत मारून शिक्षकखोलीत येत. चहा यायचा. कुणीतरी पेणहून पोह्याचे पापड आणलेले असायचे. मग वर्षभराचे सगळे तास एका बैठकीत पाहून व्हायचे. "बाई, तुम्हाला बारा ऑगस्ट टाकू?" "नको, तेव्हा मी रजेवर होते, चौदा टाका." प्रस्तावना योग्य, फलकलेखन सुवाच्य, वर्गनियंत्रण चांगले, शेरा समाधानकारक, आणि खाली दोघांच्या सह्या. ज्याच्या घरी नुकतंच बारसं झालेलं असेल त्याला 'उत्तम' मिळायचं. यात कुणाला काही गैर वाटत नसे. उलट ज्या शाळांत पर्यवेक्षक खरोखरच वर्गात येऊन बसतात, त्या शाळांबद्दल इथली मंडळी दबक्या आवाजात हळहळ व्यक्त करत.

रूथ अष्टमकर या वहीत एकतीस वर्षं होत्या. मराठीच्या शिक्षिका. घर रोह्याला, नदीपलीकडच्या अष्टमीत. शाळा जित्याच्या पुढे, खाडीच्या अंगाला. सकाळच्या गाडीने निघायचं, नागोठणं, पेण मागे टाकत जित्याला उतरायचं, तिथून रिक्षा. संध्याकाळी हेच उलट. एकतीस वर्षांत खिडकीतली शेतं किती कमी झाली आणि गोदामं किती वाढली, हे त्या बोटांवर मोजून सांगू शकत. भाऊ गेला, आतेभावंडं गेली, धाकटी बहीण मिरियमही नवऱ्यामागोमाग इस्रायलला गेली. अष्टमीत आळीभर असलेली त्यांची ज्यू माणसं आता प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष जमवायचे तर अलिबागला फोन लावतात. रूथबाई राहिल्या. आधी आईच्या आजारपणामुळे राहिल्या, लग्न त्यातच राहून गेलं, आणि आई गेल्यावर मिरियमने बोलावलं तेव्हा म्हणाल्या, "तिकडे येऊन मी करू काय? मला मराठी शिकवण्यापलीकडे काही येत नाय." हे त्या हसत म्हणाल्या होत्या, पण ते खरं होतं. ज्या कामासाठी माणूस मागे राहतो, ते काम आपल्याला चांगलं येतं असा त्याचा विश्वास असावाच लागतो.

आणि रूथबाईंचा तसा विश्वास होता. कागदांनी तो कधी मोडला नव्हता. प्रशिक्षणं तर किती झाली. पेणला झाली, अलिबागला झाली, एकदा पनवेलला तीन दिवस झालं. दरवेळी एक तरुण तज्ज्ञ पडद्यावर चित्रं दाखवायचा, दुपारी जेवणानंतर निम्मे शिक्षक डोळे उघडे ठेवून झोपायचे, आणि शेवटी फोटो. पुढे मोबाईलवर प्रशिक्षण आलं. रूथबाई मोबाईल ओट्यावर उभा करून व्हिडिओ लावायच्या आणि समोर भाकऱ्या थापायच्या. व्हिडिओ संपला की प्रश्न, प्रश्न संपले की प्रमाणपत्र. तेवीस प्रमाणपत्रं एका फाईलमध्ये होती. त्यातल्या एकाही प्रशिक्षणात कुणी त्यांचा तास पाहिला नव्हता.

तसा तो पाहायची गरजही कुणाला वाटत नसे, कारण तो ऐकू यायचा. रूथबाईंचा वर्ग बोलका म्हणून तालुकाभर प्रसिद्ध होता. व्हरांड्यातून जाणारा माणूस थबकायचा. बाईंचा आवाज स्वच्छ आणि चढता, आणि त्याला पोरांची साथ. "आपली खाडी जाऊन मिळते कुठे? समु..." की पोरं एका दमात, "द्राला!" "आणि म्हाताऱ्याने ते पत्र वाचलं आणि त्याच्या डोळ्यांत आलं..." की, "पाणी!" बाई वाक्य उचलून धरायच्या आणि वर्ग ते खाली ठेवायचा. चाळीस मिनिटं हे असं चालायचं. तास संपला की बाईंचा चेहरा लाल झालेला असायचा. पाहुणे आले, संस्थेचे कुणी आले, की मुख्याध्यापक त्यांना मुद्दाम याच वर्गावरून न्यायचे.

गेल्या जूनमध्ये जुने पर्यवेक्षक निवृत्त झाले. सेवाज्येष्ठतेने ती जागा रूथबाईंकडे आली, आणि जागेबरोबर निळी वहीही आली. मे महिन्यात त्या स्वतःच निवृत्त व्हायच्या होत्या. म्हणजे एक मार्च, एक चहा आणि एक पापडांची पिशवी, की संपलं.

पण जानेवारीत मुख्याध्यापकांनी त्यांना बोलावून घेतलं. निलेश घरत हा माणूस मनाने वाईट नव्हता, मात्र त्याला शाळेत आवाज सहन होत नसे.

"बाई, त्या दिपिकाचं काय करायचं?" घरतसर म्हणाले. "आठवीच्या इंग्रजीच्या तासाला नुसता बाजार भरलेला असतो. शेजारच्या वर्गात गणित शिकवता येत नाय. तिची शिक्षणसेवकाची तीन वर्षं मार्चात पुरी होतात. कायम करायची का नाय, ते संस्था आपल्या अहवालावर ठरवणार. या खेपेला वहीत खरं लिहून द्या."

"खरं म्हणजे?"

"म्हणजे वर्गनियंत्रण नाय, असं."

रूथबाईंना हसू आलं. एकतीस वर्षांत पहिल्यांदा वहीत खरं लिहा असं कुणी सांगत होतं, आणि ते खरं काय तेही सांगून मोकळं होत होतं. पण आवाज त्यांनीही ऐकला होता. पोरगी चांगली होती, पण वर्ग तिच्या हातात नव्हता, असं त्यांचंही मत होतं. एकदा जाऊन बसायचं, चार ओळी लिहायच्या, एवढंच काम होतं. त्या चार ओळींवर दिपिकाची नोकरी उभी होती हे त्यांना कळत होतं, म्हणून तर त्यांनी खरोखर जाऊन बसायचं ठरवलं.

गंमत म्हणजे त्या दुपारी दिपिकाच त्यांच्याकडे आली. दिपिका पाटील, जोह्याची. घरी गणपतींचा कारखाना, पिढीजात. नखांच्या कडेला कायम कसला तरी रंग.

"बाई, माझा तास बघायला याल का? गुरुवारी आठवीला."

"येईन की. पण नीट तयारीचा घे हां. पोरांना आधी सांगून ठेव, कोणी काय बोलायचं ते."

"नको बाई," दिपिका म्हणाली. "मला जिथं अडतं ना, तोच तास बघा."

आपणहून कुणी असं बोलावतं हेच रूथबाईंना नवीन होतं.

गुरुवारी त्या आठवीच्या मागच्या बाकावर बसल्या. बाक पोरांच्या मापाचा, गुडघे वरच्या फळीला लागत होते. हाच वर्ग त्यांच्या मराठीचाही होता, रोजचा, पण मागून तो वेगळाच दिसत होता. पोरांच्या माना, फाटलेल्या कॉलरी, बाकाखाली काढून ठेवलेल्या चपला. दिपिकाने फळ्यावर इंग्रजीत एक ओळ लिहिली, 'माझ्या घरचं काम', आणि म्हणाली, "आधी शेजाऱ्याला सांगा. आपल्या बोलीत सांगा. दहा मिनिटं. मग आपण त्याचं इंग्रजी करू."

आणि बाजार भरला. रूथबाईंनी वहीतल्या 'वर्गनियंत्रण' या रकान्यावर पेन टेकवलं. पण लिहायच्या आधी कानावर पडायला लागलं. पुढच्या बाकावरचा साहिल शेजाऱ्याला बापाच्या कंपनीतल्या रात्रपाळीबद्दल सांगत होता, दिवसा झोपलेल्या बापाजवळून घरात कसं पाय न वाजवता चालावं लागतं ते. खिडकीशी कोणी शेळीच्या बाळंतपणाचं सांगत होतं. भिंतीजवळचे दोघं मात्र क्रिकेटच बोलत होते, तिकडे दिपिकाचं लक्ष नव्हतं. बाहेरून जो नुसता गोंगाट होता, त्यात आत बसल्यावर वाक्यं होती.

मग दिपिकाने विचारलं, सगळ्यांना कोण सांगतं? आणि भाविका उभी राहिली.

भाविका ही मिठागरावरच्या घरातली पोर. गेलं वर्ष आणि हे अर्धं, दीड वर्ष ती रूथबाईंच्या वर्गात होती. वही सुरेख, अक्षर मोत्यासारखं, आणि तोंडातून शब्द नाही. पालकसभेला तिची आई गोदूबाई आली तेव्हा रूथबाई म्हणाल्या होत्या, "पोर गुणाची हाय गो, पण तोंड उघडत नाय." गोदूबाईने चकित होऊन त्यांच्याकडे पाहिलं होतं, जणू त्या भलत्याच कुणाच्या पोरीबद्दल बोलताहेत.

"आमचा बापूस भरतीचा पानी बांधाच्या आत घेतो," भाविका सांगत होती. "पयल्या खान्यात ते तसाच असतं, पातळ. मंग दुसऱ्या खान्यात सोडतो, मंग तिसऱ्या. ऊन लागला का पानी जड होतं, हातात घेतला का चिकट लागतं. मीठ धरला का नाय ते बापूस बघून नाय सांगत. वरून काय दिसत नाय ना. तो पाय टाकतो नि ऐकतो. खाली कुरकुर वाजला का बोलतो, धरला."

पाच मिनिटं ती बोलली. हात हलवून, मध्येच हसून. त्यानंतर दिपिकाच्या मदतीने तिने त्याची चार इंग्रजी वाक्यंही केली, अडखळत, पण केली. वर्ग ऐकत होता. भिंतीजवळचं क्रिकेटही थांबलं होतं.

रूथबाईंच्या वहीत 'विद्यार्थी प्रतिसाद' असा रकाना होता. तो त्यांनी कोरा ठेवला. सगळेच कोरे ठेवले. तास संपल्यावर "बरं झालं हां" एवढंच म्हणून त्या बाहेर पडल्या.

संध्याकाळी गाडीत मात्र त्यांनी स्वतःशी बराच वाद घातला. नवी बाई, तरुण, पोरांना आवडणारच. इंग्रजीच्या तासाला असल्या गप्पा मारायला वेळ असतो, मराठीला केवढा अभ्यासक्रम. भाविका त्या दिवशी खुशीत असेल. पेण गेलं, कासू गेलं, तरी एकही कारण टिकेना. मराठीच्या तासाला दीड वर्षं गप्प बसलेली पोर इंग्रजीच्या तासाला उभी राहून मराठी बोलली होती, आणि तेही असलं मराठी, की रूथबाईंना ते शिकवता आलं नसतं. हे त्यांच्या जिव्हारी लागलं. दिपिकाचा थोडा रागही आला. वहीत 'वर्गनियंत्रण असमाधानकारक' लिहून टाकावं, घरतसरही खूश होतील, असं अर्धं मिनिट मनात येऊन गेलं. आपल्याला असं सुचू शकतं याची नंतर नागोठण्यापर्यंत लाज वाटत राहिली.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्यांनी दिपिकाला गाठलं. "एक सांग. मला बोलावलंस कशाला? बोलावलं नसतंस तर मार्चात बसल्या जागी चांगला शेरा मिळाला असता."

दिपिकाने जरा विचार केला. "आमच्या कारखान्यात बाई, गणपतीचे डोळे आखले का दुसऱ्याला हाक मारतात. बाबा पण मारतात, चाळीस वर्षं आखतायत तरी. आखणाऱ्याची नजर बसलेली असते. त्याला आपला वाकडा डोळा वाकडा दिसत नाय. दुसरा येतो, बोलतो, डावा खाली गेलाय. बाबा पुसतात नि परत आखतात. त्यात कोणाला राग नाय येत."

"आणि माझा राग?"

"तुम्ही वाकडं दाखवलंत तर तुमचा नाय येत, म्हणून तर बोलावलं," दिपिका म्हणाली, आणि रूथबाईंनी नजर दुसरीकडे वळवली.

त्या म्हणाल्या, "मग तू माझा तास बघ."

दिपिका घाबरली. पर्यवेक्षिकेचा तास शिक्षणसेविकेने पाहायचा, असं कुठल्या शाळेत घडतं? पण रूथबाई हट्टाला पेटल्या होत्या. सोमवारी ती आली, त्याच मागच्या बाकावर बसली. रूथबाईंनी तास घेतला तोही असा, की एकतीस वर्षांचं सगळं कसब पणाला लावलं. वर्ग नुसता दणाणत होता. दिपिका खाली मान घालून सारखं काहीतरी लिहीत होती. तास संपल्यावर तिने एक कागद हातात दिला. प्रस्तावना प्रभावी. फलकलेखन सुवाच्य. विद्यार्थी प्रतिसाद उत्स्फूर्त. शेरा उत्तम.

रूथबाईंनी तो कागद दोनदा वाचला. प्रत्येक शब्द ओळखीचा होता. हेच शब्द त्यांनी एकतीस वर्षं सही करून घेतले होते. आणि दिपिकाच्या पुस्तकातून दुसऱ्या एका कागदाची घडी डोकावत होती, ती तिने घाईने आत ढकलली, हेही त्यांनी पाहिलं.

त्या शिक्षकखोलीत येऊन बसल्या. ड्रॉवरमध्ये निळी वही होती आणि वहीत दिपिकाचं कोरं पान. जिची नोकरी आपल्या ड्रॉवरमध्ये पडून आहे, ती पोर आपल्याला खरं सांगेलच कशी? कारखान्यात बापाला कुणी डावा डोळा खाली गेलाय म्हटलं, तर म्हणणाऱ्याचं बापापाशी काही अडकलेलं नसतं म्हणून म्हणता येतं. इथे प्रत्येकाचं प्रत्येकापाशी काहीतरी अडकलेलं. आजवरचे सगळे 'समाधानकारक' कुठून आले ते त्यांना नीटच कळलं, आणि त्यांनी पेन उघडलं.

रकाने बाजूला ठेवून त्यांनी आडव्या ओळींत लिहिलं. 'तासाला मी पूर्ण वेळ हजर होते. अडतीसपैकी एकतीस मुले बोलली. त्यांतील एक मुलगी माझ्या मराठीच्या तासाला दीड वर्षात एकदाही बोललेली नाही. वर्गात आवाज होता, तो कामाचा होता. दोन मुले विषय सोडून बोलत होती, तिकडे बाईंचे लक्ष गेले नाही, ते जायला हवे. शेजारच्या वर्गाला त्रास होतो, त्यासाठी हा तास मैदानाकडच्या खोलीत घ्यावा. यांना कायम करावे, अशी माझी शिफारस आहे.'

घरतसरांनी ते चष्मा वर करून वाचलं, खाली करून वाचलं. "बाई, असं कोणी लिहितं काय वहीत?"

"मी चाळीस मिनिटं बसले होते, सर. जे ऐकलं ते लिहिलं."

"आणि हे स्वतःच्या वर्गाचं कशाला घातलंत मध्ये? वरती वाचतील लोक."

"खरं लिहा म्हणालात ना."

घरतसर कुरकुरले, पण मैदानाकडच्या खोलीची कल्पना त्यांना पसंत पडली. त्यांनी सही केली. कारकुनाने अहवालाची प्रत काढली, शिक्का मारला, जावक क्रमांक टाकला आणि लखोटा संस्थेच्या पत्त्यावर गेला. जावक क्रमांक एकदा पडला की त्या कागदात कुणाला काही बदलता येत नाही. रूथबाई तो पडेपर्यंत कारकुनाच्या टेबलाशी उभ्या राहिल्या होत्या.

तिथून त्या थेट दिपिकाकडे गेल्या. प्रत तिच्या हातात दिली. ती वाचत असताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं, तिकडे त्यांनी मुद्दाम लक्ष दिलं नाही.

"आता तुझं माझ्यापाशी काय अडलेलं नाय," त्या म्हणाल्या. "तो दुसरा कागद दे."

"कुठला, बाई?"

"पुस्तकातला."

दिपिकाने पुस्तकातून घडी काढून दिली. कागदावर वर्गाचा नकाशा होता. अडतीस चौकोन, प्रत्येकात पोराचं नाव. चौकोनांत ठिपके होते. काहींत दहा-पंधरा, काहींत तीसच्या वर. एका चौकोनात मात्र ठिपक्यांबरोबर एक आडवी रेघ होती.

"ठिपका म्हणजे?"

"तुम्ही अर्धा सोडलेला शब्द पोरांनी पुरा केला, का ठिपका."

"आणि रेघ?"

"कोणी स्वतःचं अख्खं वाक्य बोललं, का रेघ मारायची ठरवलं होतं."

रूथबाईंनी कागद वरपासून खालपर्यंत पुन्हा पाहिला. "चाळीस मिनिटांत एकच?"

"व्हय."

"साहिल. काय बोलला तो?"

दिपिका नखाच्या कडेचा रंग खरवडायला लागली.

"सांग गो. मला राग नाय येणार."

"बाई, मी पाणी पिऊन येऊ? असं बोलला," दिपिकाने सांगितलं.

भाविकाचा चौकोन रिकामा होता. त्यात रेघ नव्हती आणि ठिपकाही नव्हता. सगळा वर्ग 'द्राला' म्हणून ओरडत असताना ती पोर तेवढंही तोंड उघडत नव्हती, आणि एवढ्या आवाजात ते बाईंना कधी कळलंच नव्हतं.

रूथबाईंना फार वाईट वाटलं. राग आला असता तर बरं झालं असतं, पण रागाला जागाच नव्हती. त्यांनी कागदाची घडी पर्समध्ये ठेवली, दिपिकाच्या खांद्यावर हात ठेवला आणि गाडीच्या वेळेआधीच निघाल्या.

त्या शुक्रवारी संध्याकाळी दिवा लावताना त्यांना आपलं लहानपण आठवत राहिलं. अष्टमीच्या सिनेगॉगमध्ये आईला खेटून बसायचं. वडीलधाऱ्यांची हिब्रू प्रार्थना लांबच लांब, त्यातला एकही शब्द कळत नसे, पण ती कुठे संपते ते चालीवरून बरोबर कळायचं आणि सगळ्यांबरोबर त्या मोठ्याने 'आमेन' म्हणायच्या. आई कौतुकाने पाठीवरून हात फिरवायची, पोरीला प्रार्थना येते म्हणून. त्या आमेनवर त्यांचा आजही जीव होता. देवाला तेवढं पुरत असेल, त्याला आतलं ऐकू येतं. पण आपण एकतीस वर्षं मराठीच्या तासाला पोरांकडून आमेन म्हणवून घेतलं आणि त्यालाच बोलका वर्ग म्हणत राहिलो. मिरियमचा फोन आला तेव्हा त्या नेहमीपेक्षा कमी बोलल्या. "मे महिन्यात तरी येणार ना?" मिरियमने विचारलं. "बघू," त्या म्हणाल्या, "अजून चार महिने आहेत मला." मिरियमला वाटलं, बहीण दिवस मोजतेय सुटायचे.

शनिवारची शाळा सकाळची. त्यांच्या धर्मात हा विश्रांतीचा दिवस, पण तो त्यांनी एकतीस वर्षं देवाला सांगून शाळेलाच दिला होता. तिसरा तास आठवीचा. रूथबाई वर्गात आल्या, पोरं उभी राहिली, बसली. त्यांनी फळ्यावर काहीच लिहिलं नाही.

"काल घरी गेल्यापासून आतापर्यंत तुम्ही जे काय पाहिलंत," त्या म्हणाल्या, "त्यातलं सांगण्यासारखं काय होतं?"

एवढं बोलून त्या थांबल्या. वर्गही थांबला. अडतीस पोरं बाईंच्या तोंडाकडे पाहत होती, पुढचा अर्धा शब्द कधी येतो याची वाट बघत. काहींची तोंडं तो पुरा करायला उघडलीही होती. रूथबाईंच्या जिभेवर तो शब्द आला. त्यांनी तो गिळला. इतका जड घास त्यांनी आयुष्यात गिळला नसेल. हातातला खडू खाली ठेवला. मग त्या खुर्चीवर बसल्या. तासाला खुर्चीवर बसलेल्या बाई या वर्गाने कधी पाहिल्या नव्हत्या.

एक मिनिट गेलं. मागे कुणी खुदकन हसलं आणि आपोआप गप्प झालं. या वर्गातून आवाज का येत नाही म्हणून घरतसर व्हरांड्यात थांबले, खिडकीतून डोकावले आणि काही न कळून पुढे गेले. दुसरं मिनिट गेलं. आता उठावं, नेहमीसारखं सुरू करावं, चार महिन्यांसाठी हे नसतं धाडस कशाला, असं रूथबाईंच्या मनात आलंच. त्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरून ठेवले.

खिडकीच्या ओळीतून एक बाक वाजला. भाविका उभी राहिली होती.

"बाई," ती म्हणाली, "तुमाला बरं नाय वाटत काय? मी पानी आनू?"

रूथबाईंनी पर्स उघडली, कागदाची घडी काढली, मांडीवर सरळ केली आणि भाविकाच्या चौकोनात एक रेघ मारली. मग जरा थांबून तिच्याखाली दुसरी मारली.

"बरं हाय गो मला," त्या म्हणाल्या. "पाणी नको. बस खाली. तुझा बापूस मीठ धरलं का नाय ते ऐकून कसं ओळखतो, ते परत सांग. त्या दिवशी मी मागे बसले होते, पण माझं लक्ष वहीत होतं."

भाविकाने एकदा वर्गाकडे पाहिलं, एकदा बाईंकडे. ती बसली नाही. उभ्यानेच सांगायला लागली.